नाइटपद-दीक्षाविधीची विनोदी ग्रंथचित्रे

नाइटपद-दीक्षाविधीची विनोदी ग्रंथचित्रे : मध्ययुगीन यूरोपात घोडेस्वार योद्ध्यास ‘नाइट’ हे पद देताना जो विधी केला जाई, त्याचे हास्यकारक रूप कथनचित्रांतून दाखविण्याची यूरोप-अमेरिकेतील परंपरा. या परंपरेचा मूलाधार मीगेल दे थेर्व्हांतेस (१५४७–१६१६) या स्पॅनिश लेखकाच्या दोन किहोते (इंग्रजी उच्चार डॉन क्विक्झोट, भाग पहिला १६०५, भाग दुसरा १६१५) या कादंबरीच्या पहिल्या भागातील तिसरे प्रकरण हा होय. एका सराईच्या अंगणात सराईच्या मालकाकडून कथानायकाला नाइटपदाची दीक्षा दिली जाते, असा प्रसंग या प्रकरणात वर्णिला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून या कादंबरीच्या सचित्र आवृत्त्या निघत आल्या. त्यांतून ग्रंथचित्रणाच्या तंत्राचा, तसेच विनोदाविषयीच्या बदलत्या कल्पनांचा इतिहास पाहावयास मिळतो. खोट्या विधीतून निर्माण झालेला नाइट हास्यास्पद मानावयाचा की आदरणीय, हा या चित्रपरंपरेतील कळीचा प्रश्न आहे आणि प्रत्येक पिढीतील चित्रकारांनी त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे.

मूळ विधी : नाइटपदाचा विधी आरंभी अगदी साधा होता. तरुण योद्ध्याच्या कमरेला तलवार बांधणे आणि त्याच्या मानेवर किंवा खांद्यावर हाताने आघात करणे, एवढ्यावर तो आटोपत असे. या आघातास पुढे ‘अकोलेड’ हे नाव रूढ झाले. ‘मान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याचा संबंध आहे. हाताच्या आघाताची जागा कालांतराने तलवारीच्या सपाट पात्याच्या स्पर्शाने घेतली. बाराव्या-तेराव्या शतकांत चर्चच्या प्रभावामुळे या लष्करी प्रथेस धार्मिक स्वरूप आले. उमेदवाराने शुद्धिस्नान करावे, शुभ्र वस्त्रे ल्यावीत, वेदीवर शस्त्रे ठेवून रात्रभर प्रार्थना करीत जागरण करावे, सकाळी पापनिवेदन करून प्रार्थनेस उपस्थित राहावे आणि मग ज्येष्ठ नाइटकडून तलवार व टाचेच्या आरा (घोड्यास इशारा देण्यासाठी पादत्राणांच्या टाचांना बसविलेली टोकदार साधने) स्वीकारून दीक्षा घ्यावी, असा क्रम ठरत गेला. स्नान, वस्त्रे, तलवार व आरा यांचे प्रतीकात्मक अर्थ सांगणारे वाङ्मयही निर्माण झाले. रामोन लुल याने तेराव्या शतकात कॅटलान भाषेत नाइटधर्मावर लिहिलेला ग्रंथ त्यांत महत्त्वाचा असून विल्यम कॅक्स्टनने १४८४ च्या सुमारास त्याचा इंग्रजी अनुवाद छापला.

दीक्षा कोणी द्यावी व कोणाला द्यावी, यांविषयी कायद्यातही तरतुदी होत्या. कास्तीलचा राजा दहावा आल्फॉन्सो (कार. १२५२–८४) याच्या काळात संकलित झालेल्या सिएते पार्तिदास या विधिसंहितेतील दुसऱ्या भागात नाइटपदाची सविस्तर चर्चा आढळते. जो स्वतः नाइट नाही, त्याच्या हातून मिळालेली दीक्षा ग्राह्य नाही; वेड्यास व अतिदरिद्री माणसास हे पद देऊ नये; आणि ज्याने थट्टेखातर दीक्षा घेतली असेल, तो पुढेही नाइट होण्यास अपात्र ठरावा, असे नियम तीत आहेत. थेर्व्हांतेसचा कथानायक या सर्व कसोट्यांवर अपात्र ठरतो. त्याची बुद्धी भ्रमिष्ट झालेली आहे, त्याच्या खिशात दमडी नाही, त्याला दीक्षा देणारा सराईवाला नाइट नाही आणि सारा विधी थट्टेचा आहे. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दोन किहोते हा कधीच नाइट झाला नाही व पुढे कधी होऊही शकला नसता. या कायद्याची माहिती असलेल्या तत्कालीन स्पॅनिश वाचकास प्रसंगातील विनोदाची ही बाजू सहज उमगत असावी. चित्रकारास मात्र ती रेषेत आणणे अवघड होते.

विधीची अवनती व उपहास : थेर्व्हांतेसने ही कादंबरी लिहिली, तोवर बंदुका-तोफांच्या वापरामुळे चिलखतधारी घोडेस्वाराचे युद्धातील महत्त्व ओसरले होते. नाइटपद ही लष्करी पात्रतेची खूण न राहता दरबारी बहुमानाची बाब झाली होती. इंग्लंडमध्ये पहिला जेम्स १६०३ मध्ये गादीवर आला आणि पहिल्या काही महिन्यांतच त्याने सु. ९०० लोकांना नाइट केले. या खिरापतीवर जॉर्ज चॅपमन, बेन जॉन्सन व जॉन मार्स्टन यांनी ईस्टवर्ड हो (१६०५) या सुखात्मिकेत टीका केली. पैसे मोजून पद मिळविणारा एक दिवाळखोर नाइट तीत रंगविलेला आहे. या नाटकातील राजकीय टोमण्यांपायी चॅपमन व जॉन्सन यांना तुरुंगवास घडला. हे नाटक आणि दोन किहोतेचा पहिला भाग ही एकाच वर्षातील प्रकाशने आहेत. फ्रान्सिस बोमंटच्या द नाइट ऑफ द बर्निंग पेसल (१६१३ मध्ये मुद्रित) या नाटकात एका किराणा दुकानदाराचा उमेदवार नोकर साहसी नाइटचे सोंग घेतो. दोन देशांत जवळजवळ एकाच वेळी हा विषय हास्यास पात्र ठरला, याचे कारण विधीची भाषा व उपकरणे शाबूत असूनही त्यामागील सामाजिक वास्तव नाहीसे झाले होते, हे होय.

इंग्रजी लोकपरंपरेतील एक आख्यायिकाही याच वृत्तीची द्योतक आहे. भोजनात गोमांसाचा एक उत्तम तुकडा पाहून संतुष्ट झालेल्या राजाने तलवार उपसून त्या तुकड्यालाच नाइट केले आणि म्हणून त्यास ‘सर लॉइन’ हे नाव पडले, अशी ही कथा आठवा हेन्री, पहिला जेम्स व दुसरा चार्ल्स या तिघांच्याही नावावर सांगितली जाते. ‘सरलॉइन’ हा शब्द प्रत्यक्षात कमरेच्या वरच्या भागाचा वाचक असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे; आख्यायिकेस ऐतिहासिक आधार नाही. तथापि एका मांसखंडास उद्देशूनही हा विधी कल्पिता यावा, यावरून त्याच्या बाह्यांगाची लोकांना असलेली ओळख व त्याविषयीचा कमी झालेला धाक, दोन्ही दिसून येतात.

मूळ प्रसंग : ला मांचा प्रांतातील एक मध्यमवयीन गृहस्थ नाइटांच्या अद्भुत कथा वाचून वाचून भ्रमिष्ट होतो, पणजोबांच्या काळातील गंजलेले चिलखत घासूनपुसून अंगावर चढवितो आणि जुलै महिन्यातील एका उष्ण दिवशी साहसाच्या शोधात घराबाहेर पडतो. आपणास विधिपूर्वक दीक्षा मिळालेली नाही, ही उणीव त्याला वाटेत जाणवते. संध्याकाळी दिसलेली सराई त्याला किल्ला भासते, सराईचा मालक किल्लेदार वाटतो आणि दारात उभ्या असलेल्या दोन वेश्या कुलीन स्त्रिया वाटतात. शिरस्त्राणाच्या हिरव्या फितींची गाठ सुटत नाही व तो ती कापू देत नाही. म्हणून या स्त्रिया त्याला घास भरवितात आणि सराईवाला पोकळ बोरूतून त्याच्या तोंडात मद्य ओततो. जेवण आटोपताच तो सराईवाल्यापुढे गुडघे टेकून दीक्षा मागतो. सराईवाला स्वतः तारुण्यात अनेक ठिकाणी लबाड्या करून आलेला बेरकी माणूस आहे. पाहुण्याचे वेड ओळखून तो करमणुकीसाठी ही मागणी मान्य करतो. किल्ल्यातील प्रार्थनामंदिर नव्याने बांधण्यासाठी पाडलेले असल्यामुळे शस्त्रजागर अंगणात केला तरी चालेल, असे तो सांगतो.

विहिरीजवळच्या डोणीवर चिलखत ठेवून दोन किहोते चांदण्यात येरझारा घालू लागतो. खेचरांना पाणी पाजण्यासाठी आलेला एक खेचरवाला ते चिलखत उचलून दूर फेकतो आणि भाल्याचा तडाखा खाऊन कोसळतो. दुसऱ्याचीही तीच गत होते. बाकीचे खेचरवाले दगडांचा वर्षाव करू लागतात. तेव्हा सराईवाला घाईघाईने विधी उरकून घेतो. धर्मग्रंथाऐवजी खेचरवाल्यांना दिलेल्या पेंढ्याचा व जवाचा हिशेब ज्यात मांडला आहे ती वही, वेदीवरील दिव्यांऐवजी एका पोराच्या हातातील मेणबत्तीचा तुकडा आणि साक्षीला त्या दोन स्त्रिया, असा हा सारा थाट आहे. प्रार्थना म्हटल्यासारखे पुटपुटत सराईवाला त्याच्या मानेवर हाताने व नंतर पाठीवर त्याच्याच तलवारीने सणसणीत आघात करतो. एक स्त्री कमरेला तलवार बांधते, दुसरी आर चढविते. त्यांची नावे विचारून दोन किहोते त्यांना यापुढे आपल्या नावामागे ‘दोन्या’ ही कुलीन स्त्रियांची उपाधी लावण्याची विनंती करतो. ब्याद टळावी म्हणून सराईवाला मुक्कामाचे पैसेही न मागता त्याला निरोप देतो.

या प्रसंगात खऱ्या विधीची बरीच अंगे आलेली आहेत. जागर, ग्रंथपठण, दीप, आघात, तलवार व आर ही सर्व अंगे क्रमवार येतात. मात्र प्रत्येकाच्या जागी एक हलकी प्रतिवस्तू ठेवलेली आहे. विनोदाची ही रचना मुळातच दृश्य स्वरूपाची असल्यामुळे चित्रकारांना ती आकर्षक वाटणे साहजिक होते. तथापि प्रसंगाची दुसरीही एक बाजू आहे. समाजाने टाकलेल्या त्या दोन स्त्रियांशी संपूर्ण रात्रीत आदराने बोलणारा माणूस एकच आणि तो म्हणजे वेडा पाहुणा. हसू आवरणे त्यांना कठीण जाते, असे मूळ संहितेत स्पष्ट म्हटले आहे. मात्र त्याचे भाल्याचे हात नुकतेच पाहिलेले असल्यामुळे हे हसू दबून राहते. उपहास, भीती व सौजन्य यांचे हे मिश्रण चित्रात उतरवावयाचे तर प्रत्येक पात्राच्या मुद्रेचा निराळा विचार करावा लागतो.

सतरावे शतक : कादंबरीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत स्वतंत्र कथनचित्रे नव्हती. १६०५ मध्येच लिस्बन येथे निघालेल्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर घोडेस्वाराचा जो काष्ठठसा आहे, तो नाइटांच्या अद्भुत कथांच्या मुद्रणातील ठरावीक वळणाचा आहे. ज्या वाङ्मयाची थट्टा करावयाची, त्याचेच चित्र थट्टेच्या ग्रंथावर आले. कथेतील प्रसंगांची सलग चित्रमालिका प्रथम नेदर्लंड्समध्ये सिद्ध झाली. दॉर्द्रेख्त येथे १६५७ मध्ये याकॉप साव्हरी याने प्रसिद्ध केलेल्या डच अनुवादात मुखचित्रांखेरीज २४ ताम्रपट-उत्कीर्णने होती. ती ब्रुसेल्स (१६६२) व अँटवर्प (१६७२-७३) येथील स्पॅनिश आवृत्त्यांना नमुन्यादाखल उपयोगी पडली. स्पेनमधील पहिली सचित्र आवृत्ती माद्रिद येथे १६७४ मध्ये निघाली. तिची चित्रे दिएगो दे ओब्रेगोन याची असून ती याच वळणाची आहेत.

या काळात दोन किहोते हे मुख्यतः हसविणारे पुस्तक मानले जाई. साहजिकच चित्रांत मारामारी, पडझड, दगडफेक व फजिती यांना प्राधान्य मिळाले. ताम्रपट-उत्कीर्णनाच्या तंत्रानेही या निवडीस हातभार लावला. ताम्रपटावरील रेषा खोलगट असल्यामुळे त्यांची छपाई अक्षरखिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर होऊ शकत नसे. चित्रे स्वतंत्र पानांवर छापून ग्रंथात बांधावी लागत. खर्चामुळे त्यांची संख्या मर्यादित राही आणि एका प्रकरणास फार तर एक चित्र येई. त्यामुळे एकाच चौकटीत दोन-तीन घटना कोंबण्याची प्रथा पडली व अग्रभागी एक आणि पार्श्वभूमीत दुसरी घटना दाखविली जाऊ लागली. हिशेबाची वही व मेणबत्तीचा तुकडा यांसारखे बारकावे या गर्दीत हरवणे अपरिहार्य होते.

अठरावे शतक : फ्रेंच चित्रकार शार्ल-आंत्वान क्वापेल (१६९४–१७५२) याने गॉब्लँ येथील राजकीय विणकामशाळेतील चित्रजवनिकांसाठी १७१४ पासून दोन किहोतेतील प्रसंगांवर एकूण २८ चित्रे रंगविली. त्यांवरून केलेली उत्कीर्णने १७२३-२४ पासून प्रसिद्ध होऊ लागली व लहान आकारात ती यूरोपभर अनेक आवृत्त्यांतून वापरली गेली. हेग येथे १७४६ मध्ये निघालेला ३१ चित्रांचा संच त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. क्वापेल हा नाटककारही होता. त्यामुळे त्याच्या चित्रांतील पात्रे रंगमंचावर उभी असल्यासारखी दिसतात. सराईतील दीक्षेच्या चित्राला त्याने दिलेल्या शीर्षकाचा आशय, ‘आपणास सराईत नाइटपदाची दीक्षा मिळत आहे असे दोन किहोतेला वाटते’ असा आहे. यातील ‘वाटते’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. नायकाच्या मनातील सोहळा आणि इतरांना दिसणारा खेळ यांतील अंतर शीर्षकातच नोंदले गेले. प्रसंग हा राजवाड्याच्या भिंतींवर शोभणाऱ्या जवनिकेचा विषय झाल्यामुळे त्यातील ओबडधोबडपणा कमी होऊन त्याला दरबारी करमणुकीचे रूप आले. ज्या वर्गाकडे खऱ्या पदव्या व बिरुदे होती, त्याच वर्गाने खोट्या पदवीदानाचे हे चित्र आपल्या दालनांत लावले, ही त्यातील लक्षणीय बाब होय.

लंडन येथे १७३८ मध्ये लॉर्ड कार्टरेट याच्या आश्रयाने मूळ स्पॅनिश संहितेची चार खंडांची भव्य आवृत्ती निघाली. तिच्यासाठी जॉन व्हँडरबँक (१६९४–१७३९) याने चित्रे काढली. विल्यम होगार्थ यानेही काही चित्रे केली होती. पण ती या आवृत्तीत घेतली गेली नाहीत. जॉन ओल्डफील्ड या वैद्याने चित्रांविषयी एक निबंध आवृत्तीला जोडला. शब्दांत वाचताना जे अतिरंजित वर्णन खपून जाते, तेच डोळ्यांपुढे आले म्हणजे अविश्वसनीय वाटते. म्हणून चित्रकाराने केवळ आदळआपट न दाखविता पात्रांचे मनोविकार प्रकट होतील असे क्षण निवडावेत, असा या निबंधाचा रोख आहे. ग्रंथचित्रणाच्या तत्त्वांची अशी चर्चा त्या काळी विरळा होती. थेर्व्हांतेसला अभिजात लेखकाचा मान देण्याच्या प्रयत्नाचा तो भाग होता. या दृष्टीने पाहिले असता पाठीवर बसणाऱ्या आघातापेक्षा हसू दाबणाऱ्या स्त्रिया, अंग चोरणारा सराईवाला व निश्चिंत मनाने गुडघे टेकलेला नायक यांच्या मुद्रांना अधिक महत्त्व येते.

आपल्या राष्ट्रीय ग्रंथाची उत्तम आवृत्ती परदेशात निघाली, ही गोष्ट स्पेनमधील विद्वानांना लागून राहिली. स्पॅनिश रॉयल अकादमीने मुद्रक होआकीन इबार्रा याच्याकडून १७८० मध्ये माद्रिद येथे चार खंडांची आवृत्ती काढली. तीत आंतोन्यो कार्निसेरो, होसे देल कास्तील्यो इ. स्पॅनिश चित्रकारांची चित्रे आहेत. वेशभूषा व शस्त्रास्त्रे कथेच्या काळास धरून असावीत, असा अकादमीचा आग्रह होता आणि चिलखतांच्या चित्रणासाठी राजवाड्यातील शस्त्रागारामधील नमुने पाहण्यात आले. हा आग्रह केवळ पांडित्यापोटी नव्हता. नायकाचे चिलखत त्याच्या पणजोबांच्या काळातील, तर सराईतील माणसे थेर्व्हांतेसच्या स्वतःच्या काळातील, अशी कथेची मांडणी आहे. दोन कालखंड एकाच चौकटीत समोरासमोर येणे, यावरच प्रसंगातील विनोद अवलंबून आहे. सर्वच पात्रांना मध्ययुगीन किंवा सर्वांनाच समकालीन पोशाख दिला, तर तो विनोद नाहीसा होतो.

एकोणिसावे शतक : टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने विकसित केलेल्या काष्ठ-उत्कीर्णन तंत्रामुळे ग्रंथचित्रणाचे स्वरूप पालटले. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेला ठसा अक्षरखिळ्यांच्या उंचीचा असल्यामुळे मजकूर व चित्र एकाच वेळी, एकाच पानावर छापता येऊ लागले. तॉनी जोआनो (१८०३–५२) या फ्रेंच चित्रकाराने लुई व्हियार्दो याच्या फ्रेंच अनुवादासाठी (पॅरिस, १८३६-३७) सु. ८०० छोटी चित्रे काढली, ती या सोयीमुळेच. जेथे पूर्वी प्रकरणास एक चित्र मिळे, तेथे आता प्रसंगाच्या प्रत्येक टप्प्यास चित्र देणे शक्य झाले. मजकुरात विशिष्ट वस्तूचा उल्लेख येतो तेथेच तिचे चित्र घालता येत असल्याने थेर्व्हांतेसच्या विनोदाची क्रमवार रचना चित्रांतही सांभाळता आली.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध चित्रे ग्यूस्ताव्ह दॉरे (१८३२–८३) याची होत. व्हियार्दोच्याच अनुवादाची त्याने सजविलेली आवृत्ती पॅरिस येथे १८६३ मध्ये दोन खंडांत निघाली. तिच्यात ३५० हून अधिक चित्रे असून त्यांचे उत्कीर्णन एलियोदॉर पिझां याने केले. त्याआधी दॉरे याने स्पेनचा प्रवास केला होता. दीक्षेच्या प्रकरणातील त्याचे शस्त्रजागराचे चित्र सर्वज्ञात आहे. चंद्रप्रकाशात न्हालेले अंगण आणि त्यात पहारा देणारी ती उंच, कृश आकृती यांमुळे वाचकास हसण्यापूर्वी थबकावयास होते. स्वच्छंदतावादाच्या प्रभावाखाली दोन किहोते हा विदूषक न राहता ध्येयासाठी जगाशी विसंवादी झालेला शोकात्म पुरुष मानला जाऊ लागला होता. दॉरेच्या छायाप्रकाशाने या अर्थास दृश्य रूप दिले. तथापि या उदात्ततेची काही किंमत मोजावी लागली, असे म्हणता येईल. रात्र जितकी गूढ व अंगण जितके भव्य होते, तितकी सराई किल्ल्यासारखी दिसू लागते. म्हणजे नायकाचा भ्रम चित्रकार स्वतःच खरा करून दाखवितो आणि डोणी ही डोणीच आहे, हे वाचकास मजकुरावरून आठवावे लागते.

विधीचे उलटे रूप : मार्क ट्वेन (१८३५–१९१०) याच्या द प्रिन्स अँड द पॉपर (१८८१) या कादंबरीत थेर्व्हांतेसच्या प्रसंगाची नेमकी उलट मांडणी आढळते. भिकाऱ्याच्या चिंध्यांत फिरणाऱ्या बालराजा सहाव्या एडवर्डला माइल्स हेंडन हा दयाळू गृहस्थ भ्रमिष्ट पोर समजतो. पोराचे मन दुखवू नये म्हणून तो त्याच्यापुढे अदबीने वागतो व राजासमोर बसण्याची परवानगी मागतो. मुलगा हेंडनच्याच तलवारीने त्याला नाइट करतो. दोन किहोतेला दीक्षा देणाऱ्याला अधिकार नव्हता व घेणाऱ्याची श्रद्धा खरी होती. येथे देणाऱ्याचा अधिकार खरा आहे व घेणारा ती केवळ समजूत मानतो. कथेच्या शेवटी हे पद वैध ठरते. या कादंबरीची पहिली अमेरिकन आवृत्ती फ्रँक टी. मेरिल, जॉन हार्ली इत्यादींच्या चित्रांनी सजलेली होती. ट्वेनच्याच अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट (१८८९) या कादंबरीसाठी डॅन बिअर्ड (१८५०–१९४१) याने काढलेल्या चित्रांत मात्र उपहास तीव्र आहे. साबणाच्या जाहिरातीचे फलक अंगावर वागविणारे नाइट, तसेच जुन्या सरंजामी पात्रांना दिलेले समकालीन प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे, यांतून जन्मजात श्रेष्ठतेच्या कल्पनेवरच त्याने प्रहार केला.

याच सुमारास बालवाङ्मयातून नाइटदीक्षेचे गंभीर रूपही पुन्हा लोकप्रिय होत होते. हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) या अमेरिकन लेखक-चित्रकाराच्या मेन ऑफ आयर्न (१८९२) या कादंबरीत स्नान, जागर व तलवारधारण यांसह संपूर्ण विधी श्रद्धेने वर्णिलेला आहे. वॉल्टर क्रेन (१८४५–१९१५) याने १९०० मध्ये मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या दोन किहोतेची चित्रे काढली. गंभीर व विनोदी, अशी दोन्ही रूपे एकाच पिढीतील बालवाचकांपुढे आली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. विधीची गंभीर बाजू ठाऊक असल्याखेरीज त्याच्या विडंबनाचा आस्वाद घेता येत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील स्पॅनिश वाचकांना ही ओळख नाइटांच्या अद्भुत कथांतून होत असे, ती आधुनिक वाचकांना अशा बालकादंबऱ्यांतून झाली.

विसावे शतक : दान्येल व्हिएर्गे (१८५१–१९०४) या स्पॅनिश चित्रकाराची दोन किहोतेवरील लेखणीचित्रे त्याच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. छायाचित्रणावर आधारलेल्या प्रतिरूपण-पद्धतीमुळे उत्कीर्णकाची मध्यस्थी नाहीशी होऊन चित्रकाराची रेषा जशीच्या तशी छापली जाऊ लागली होती. व्हिएर्गेच्या चित्रांत ला मांचातील ऊन, धूळ व चुन्याच्या भिंती येतात आणि प्रसंग पुन्हा जमिनीवर उतरतो. साल्व्हादोर दाली (१९०४–८९) याने सजविलेली पहिल्या भागाची आवृत्ती १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे निघाली. तीत नायकाचा भ्रम हाच चित्राचा विषय झालेला आहे. अशा प्रकारे तीन शतकांत चित्रकाराची नजर बाहेरून हसणाऱ्या खेचरवाल्याकडून नायकाच्या मनापर्यंत सरकत गेलेली दिसते.

मूल्यमापन : नाइटदीक्षेच्या विनोदी चित्रांचे महत्त्व केवळ करमणुकीपुरते नाही. पद कशामुळे प्राप्त होते, अधिकारी पुरुषाच्या स्पर्शामुळे की ते धारण करणाऱ्याच्या आचरणामुळे, हा प्रश्न ती उपस्थित करतात. सराईतून बाहेर पडताच दोन किहोते एका झाडाला बांधून पट्ट्याने मारल्या जाणाऱ्या मेंढपाळ मुलाच्या साहाय्यास धावतो. त्याची पाठ वळल्यावर मालक त्या मुलाला अधिकच मारतो. खोट्या दीक्षेतून खरी कर्तव्यबुद्धी निर्माण होते. पण तिला व्यवहाराची जाण नसल्यामुळे दुबळ्याचे दुःख वाढते. दीक्षेच्या चित्रात नायकास केवळ हास्यास्पद दाखविले, तर पुढील प्रसंगातील ही करुणा अनाकलनीय होते आणि केवळ उदात्त दाखविले, तर त्या मुलाच्या अंगावरील वळांची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. या दोन टोकांमधील तोल ज्या चित्रांनी सांभाळला, ती आजही मजकुराचे खरे स्पष्टीकरण करतात. ब्रिटनमध्ये राजसत्तेकडून तलवारीच्या स्पर्शाने नाइटपद देण्याची प्रथा अद्याप चालू आहे. तथापि या विधीचे जे चित्र जगभरातील वाचकांच्या मनात सर्वाधिक ठसले, ते कोणत्याही राजवाड्यातील नसून, हाती हिशेबाची वही घेतलेला सराईवाला, मेणबत्तीचा तुकडा धरणारे पोर आणि आपल्या नावामागे प्रथमच उपाधी लागलेल्या दोन स्त्रिया यांच्यामध्ये गुडघे टेकून बसलेल्या वृद्ध गृहस्थाचे आहे.